वाचक विचारतात: नदीकाठचं ओसाड स्टेशन

प्रश्न: मी कळव्याचा, रेल्वेतून रिटायर. मुलगी जर्सी सिटीला असते. मागच्या वेळी गेलो तेव्हा ती आम्हाला लिबर्टी स्टेट पार्कला घेऊन गेली, तिथे पाण्याला लागून एक भलंमोठं जुनं स्टेशन आहे, वर घड्याळ, समोर न्यूयॉर्कच्या बिल्डिंगा, आणि मागे बघतो तर सगळे प्लॅटफॉर्म झाडाझुडपांनी भरलेले. नातू म्हणतो आजोबा कुंपणाला फट आहे, चला आत, आणि मुलगी दोघांवर ओरडते. दिवाळीनंतर परत जातोय. आत जायची काही सोय आहे का? आणि आपलं ठाणं १८५३ पासून धडधडतंय, मग एवढं मोठं स्टेशन यांनी असं टाकून कसं दिलं?
— एक वाचक, कळवा

उत्तर: काका, आधी फटीचं बोलू. मुलीचं ऐका. तो मागचा शेड १९१४ चा आहे, वीस ट्रॅकवरचा, लोखंड आणि काँक्रीटचा, आणि १९६७ पासून त्याच्याखाली गाडी आलेली नाही. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून काढते, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगीत सज्जाचे तुकडे पडतात ना, तसंच, फक्त इथे ते एकरांच्या हिशोबात आहे. शिवाय ते बंद क्षेत्र आहे, आणि व्हिसावर गेलेल्या माणसाने परक्या देशात कुंपण ओलांडताना सापडणं म्हणजे नातवासमोर शोभा.

पण कुंपणाबाहेरून बघा, आणि तुम्ही रेल्वेवाले म्हणून छत नीट बघा. प्रत्येक ट्रॅकच्या बरोब्बर वर छताला लांबच लांब चीर ठेवलेली आहे. इंजिनाचा धूर थेट वर निघून जावा म्हणून. त्याआधी मोठ्या स्टेशनांवर उंचच उंच लोखंडी कमानी टाकायचे, धूर वर साचायचा आणि तो लोखंड खायचा. लिंकन बुश नावाच्या इंजिनियरने डोकं लढवलं की धुराला वाटच दिली तर छत बुटकं केलं तरी चालतं, खर्च कमी, देखभाल कमी. त्या पद्धतीचा हा सगळ्यात मोठा शेड. आता त्याच चिरांतून पाऊस आणि ऊन आत येतं म्हणूनच झाडं इतकी माजलीयत, असं आपलं माझं मत.

पुढची दगडविटांची इमारत १८८९ ची, ती दुरुस्त केलेली आहे आणि उघडी असते. आत फिरा, वेटिंग हॉलचं छत बघा, मग नदीच्या बाजूला जा. तिथे बोटी लागायच्या त्या खाचा अजून आहेत, वरचं बांधकाम मात्र गेलं. खरी गंमत इथे उभं राहिल्यावर कळते. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीची गाडी इथे यायची आणि संपायची, पुढे हडसन नदी, पलीकडे मॅनहॅटन, म्हणजे न्यूयॉर्कचा मुख्य भाग, आणि मधे पूल नाही. मग सगळी गर्दी गाडीतून उतरून सरळ फेरीबोटीत. आणि जवळच्या एलिस आयलंड बेटावर बाहेरून आलेल्या इमिग्रंटांची तपासणी व्हायची, तिथून सुटलेले लाखो लोक उलट दिशेने, बोटीने इथे येऊन गाडी पकडायचे.

आता ठाण्याचं. ठाणं वाचलं कारण ते शेवटचं स्टेशन जेमतेम वर्षभरच होतं. १६ एप्रिल १८५३ ला गाडी आली आणि १८५४ च्या मे महिन्यात खाडीवर पूल टाकून कल्याणला पोचलीसुद्धा, म्हणजे पाणी आडवं आलं ते पहिल्याच झटक्यात ओलांडलं. हडसनचं पात्र अवाढव्य, त्यामुळे काठावर एक सोडून चार-पाच रेल्वे कंपन्यांनी आपापली टर्मिनल बांधली आणि प्रत्येकाच्या आपापल्या बोटी. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९१० मध्ये नदीखालून बोगदा काढून गाडी थेट मॅनहॅटनात नेली. बाकीच्यांच्या गाड्या काठावरच थांबत राहिल्या. १९२७ मध्ये हॉलंड टनेल झाला तेव्हा मोटारवालेही नदीखालून जायला लागले, पॅसेंजर हळूहळू आटत गेला, कंपनी कर्जात, आणि शेवटी १९६७ च्या एप्रिलअखेर उरलेल्या गाड्या शेजारच्या नेवार्क शहराकडे वळवल्या, तिथून लोक दुसऱ्या ट्रेनने बोगद्यातून पलीकडे. मग या स्टेशनाला काही कामच उरलं नाही हो. इमारत मोडकळीला आली म्हणून बंद नाही पडली, बंद पडली म्हणून मोडकळीला आली. त्याच काठावर थोडं वर होबोकेन टर्मिनल आहे, १९०७ चं, तिथे ट्रेन, बोट, मेट्रो सगळं आजही चालू. दोन्ही एकाच दिवशी बघा, फरक सांगावा लागणार नाही.

नातवाला ओसाडच बघायचंय तर एक रीतसर सोय आहे. याच टर्मिनलजवळून एलिस आयलंडची बोट सुटते. तिथलं जुनं हॉस्पिटल १९५४ पासून बंद पडलंय आणि त्यात डोक्यावर हेल्मेट घालून गाईडबरोबर फिरवतात. वेगळं तिकीट लागतं, वयाची अट असते, बुकिंग करताना बघून घ्या. आणि लाईट रेलच्या लिबर्टी स्टेट पार्क स्टॉपवरून टर्मिनलपर्यंत अर्ध्या तासाची चाल धरा, काकूंना सांगून ठेवा. नदीचा वारा नोव्हेंबरात बोचतो, स्वेटरवर भागणार नाही.

प्रश्न: आपल्याकडे असं ट्रेन आणि बोट एकत्र असलेलं बंद स्टेशन आहे का हो? रविवारी मुलांना घेऊन जाऊ म्हणते.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: ताई, होतं. बॅलार्ड पिअरला. विलायतेच्या बोटीतून उतरायचं आणि धक्क्यावरूनच फ्रंटियर मेल पकडायची, असा थाट होता. पण तो भाग पोर्टच्या हद्दीत आहे, मुलांना घेऊन फिरायची जागा नाही.

तुमच्याच नेरुळला तर उलटा प्रकार, नवी जेट्टी बांधून तयार झाली तरी बराच काळ रिकामी उभी होती. बेलापूरहून २०२२ च्या फेब्रुवारीत वॉटर टॅक्सी सुरू केली तेव्हा केवढा गाजावाजा! आपल्या लोकांना बोट आवडत नाही असं नाही, पण तिकीट लोकलच्या कितीतरी पट असेल तर रोज कोण बसणार.

रविवारी जायचं तर उरण गाठा. १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत गेली, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, म्हणजे आता पूलही आहे आणि ट्रेनही. तरी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटतेच. नेरुळहून उरण लोकल, स्टेशनातून मोऱ्याला रिक्षा, मग लाँचने मुंबई, आणि घरी परत हार्बरने. मुलांना रेल्वे आणि बोट दोन्ही एका फेरीत मिळेल. फक्त भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, मोऱ्याला गाळ फार आहे आणि मोठ्या ओहोटीला लाँच अडकून बसते.