होनोलुलूला येण्यापूर्वी हवाईयन उच्चारांची तयारी

नोकरीनिमित्त सहकुटुंब होनोलुलूला येण्यापूर्वी हवाईयन भाषा कितपत शिकावी आणि सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. कार्यालय, दुकान, दवाखाना येथील सर्व कामे इंग्रजीत होतात. परंतु रस्त्यांची आणि गावांची बहुतेक नावे हवाईयन असल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून तुमच्या तोंडी येणारच. म्हणून वाक्ये पाठ करण्याआधी उच्चार पक्के करावेत, असे माझे ठाम मत आहे.

या भाषेत पाच स्वर आणि आठ व्यंजने आहेत. जोडाक्षरे मुळीच नाहीत आणि प्रत्येक अक्षर स्वरानेच संपते. आपले क, प आणि व येथे चांगले चालतात. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली ‘ओकिना’ची : घशात श्वास क्षणभर अडवून सोडायचा हे आठवे व्यंजन आहे, येथे मी ते ’ या खुणेने दाखवतो. ‘कोउ इनोआ’ म्हणजे तुमचे नाव आणि ‘को’उ इनोआ’ म्हणजे माझे नाव, एवढा फरक त्या अडवलेल्या श्वासाने पडतो. दुसरी अडचण दीर्घ स्वरांची. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार आपण सवयीने लांबवतो. येथे स्वराची लांबी अर्थ बदलते. ‘ए काला माइ’ म्हणजे क्षमा करा, तर दोन्ही स्वर लांबवलेला ‘काऽलाऽ’ म्हणजे पैसे. आघात सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, म्हणून ‘अलोहा’मध्ये ‘लो’वर जोर द्यावा.

सरावासाठी पाट्यांइतके चांगले साधन नाही. राजकन्येच्या नावाचा लिकेलिके महामार्ग नवागत इंग्रजी वळणाने ‘लाइकलाइक’ असा वाचतात. देवनागरीची सवय असलेल्या माणसाने ही चूक करण्याचे कारण नाही. काऽने’ओहे, कापि’ओलानि ही नावे सावकाश, अक्षर सुटे करून म्हणावीत.

पत्ता सांगताना, होनोलुलू ज्यावर वसले आहे त्या ओआहू बेटावर उत्तर-दक्षिण क्वचितच ऐकू येते. ‘माउका’ म्हणजे डोंगराच्या बाजूला, ‘माकाइ’ म्हणजे समुद्राच्या बाजूला. होनोलुलूत उरलेल्या दोन दिशा ’एवा (पश्चिमेकडे) आणि डायमंड हेड (पूर्वेकडे) या ठिकाणांवरून सांगतात. हे चार शब्द येण्याआधीच शिकून घ्या. स्वच्छतागृहाच्या दारावर ‘काऽने’ पुरुषांसाठी आणि ‘वाहिने’ स्त्रियांसाठी असते, तर ‘कापु’ लिहिलेल्या ठिकाणी प्रवेश निषिद्ध असतो. सकाळी ‘अलोहा काकाहिआका’, आभारासाठी ‘माहालो’, निरोपासाठी ‘आ हुइ होउ’ आणि काम संपले की ‘पाउ’, एवढे सुरुवातीला पुरेल.

स्वतःला किंवा येथील कोणत्याही रहिवाशाला मात्र सरसकट ‘हवाईयन’ म्हणू नये. तो शब्द मूळच्या हवाईयन वंशाच्या लोकांसाठी आहे. १८९६च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच माध्यम झाले आणि पुढे ही भाषा घराघरांतून नाहीशी होत गेली. १९७८मध्ये हवाई राज्याच्या घटनेने तिला अधिकृत दर्जा दिला, आणि १९८४मध्ये काउआ’इ बेटावर हवाईयन माध्यमाची पहिली ‘पूनाना लेओ’ बालशाळा उघडली. ही भाषा पुन्हा उभी करणाऱ्या लोकांच्या शेजारी आपण राहणार आहोत, म्हणून ओकिना गाळून बोलणे मला क्षम्य वाटत नाही.

पुकुई आणि एल्बर्ट यांचा हवाईयन-इंग्रजी शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. कोणताही शब्द पाठ करण्यापूर्वी त्यातील ओकिना आणि दीर्घचिन्हे तेथे तपासून घ्या.