रात्री कोपऱ्यावर जमणारी पोरं

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. आमच्या गल्लीत सोळा ते वीस वयाची पोरं रोज जेवणं झाली की कोपऱ्यावर गाड्या लावून जमतात, स्पीकरवर गाणी, मोठमोठ्याने हसणं, आणि एकाची बाईक तर सायलेंसर बदललेली, तो निघाला की खिडक्या हादरतात. समोरच्या घरात आजोबा आजारी असतात. मिस्टर गॅलरीतून ओरडले तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त आवाज. माझा मुलगाही त्यांच्यातच, म्हणतो आई तू मध्ये पडू नको, माझी इज्जत जाते. पोलिसांत जावं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण आपल्याच गल्लीतल्या पोरांवर तो पहिल्याच दिवशी काढू नका हो, ही पोरं उद्या त्याच आजोबांना दवाखान्यात न्यायला धावणार आहेत.

गॅलरीतून ओरडलं की चार मित्रांसमोर पोराला माघार घेता येत नाही, त्या वयात तर नाहीच. म्हणून ज्याचं बाकीचे ऐकतात त्या एकाला दिवसा घरी बोलवा, पोहे करा, आणि "आवाज करू नका" म्हणण्याऐवजी आजोबांचं सांगा, की ते गोळी घेऊन पडतात, डोळा लागायला तास जातो, बाईक फाटफाट करत गेली की दचकून उठतात आणि मग काकू पहाटेपर्यंत त्यांचे पाय चेपत बसतात. जमलं तर औषध पोचवायच्या निमित्ताने त्याला तिथे घेऊनच जा. बंद दारामागे काय चाललंय हे या पोरांना खरंच माहीत नसतं.

आणि ती ऐकतात, यावर विश्वास ठेवा. २०१७ ते २०२३ इंदूर सलग सात वेळा स्वच्छ शहरांत पहिलं आलं, तेव्हा ही पोरं शाळेत होती आणि ओला-सुका कचरा एकत्र टाकला म्हणून घरोघरी आजीला टोकणारी हीच होती. ते धाकाने झालं नाही, गाडी रोज दाराशी यायची आणि कचऱ्याचं काम पोरांना आपलं वाटायचं.

त्यांना बसायला जागा पण हवी ना. कॉलनीच्या बगीच्यात दहापर्यंत बसा म्हणा, गणपतीचं काम त्यांच्या हातात द्या. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे रोषणाईचे चित्ररथ, निघतात तेव्हा अख्खं गाव रात्रभर जागतं, आपणही कडेवर पोरं घेऊन उभे राहतो आणि कोणी कुरकुर करत नाही, हेही त्यांना सांगा, म्हणजे आपल्याला त्यांच्या मजेचा राग आहे असं त्यांना वाटणार नाही.

मुलाला मात्र निरोप्या करू नका, त्याची अडचण खरी आहे. बाईकचं त्या मुलाच्या वडिलांशी मिस्टरांनी शांतपणे बोलावं, सायलेंसरचे पैसे बहुतेक तिथूनच गेले असतील. पंधरा-वीस दिवस बघा, फरक पडलाच नाही तर मग ठाण्यात जा, पण गल्लीतली चार घरं सोबत घेऊन, एकट्या नको.