स्पॅनिशमध्ये चेस्टनट: ‘कास्तान्या’ की ‘कास्तान्यो’?

तुमचा प्रश्न असा, की स्पॅनिशमध्ये चेस्टनटला (काटेरी कवचातलं, भाजून खायचं फळ) ‘कास्तान्या’ म्हणायचं की ‘कास्तान्यो’, आणि तोच शब्द पोर्तुगालमध्ये चालेल का.

फळ ते कास्तान्या (स्त्रीलिंगी), झाड ते कास्तान्यो (पुल्लिंगी). ही जोडी स्पॅनिशमध्ये नेहमीचीच: आल्मेन्द्रा म्हणजे बदाम, आल्मेन्द्रो म्हणजे बदामाचं झाड. केस तपकिरी असले तरी ‘कास्तान्यो’च म्हणतात, तपकिरी बुटांना मात्र ‘मार्रोन’ म्हणा.

लिहिताना ‘एन’वरची नागमोडी रेघ गाळू नका, नाहीतर उच्चार ‘कास्ताना’ होतो. मूळ लॅटिन शब्द ‘कास्तानेआ’. त्यातला शेवटचा ‘नेआ’ बोलता बोलता ‘न्या’ झाला आणि प्रत्येक भाषेने तो आपापल्या पद्धतीने लिहिला. स्पॅनिश आणि गालिसियनमध्ये (वायव्य स्पेनमधली भाषा) नागमोडी रेघेचा ‘एन’, पोर्तुगीजमध्ये ‘एन-एच’, कॅटलानमध्ये (ईशान्य स्पेनमधली भाषा) ‘एन-वाय’. लिस्बनकडे ‘त’च्या आधीचा ‘स’ ‘श’ होतो, म्हणून तिथे ‘कश्तान्या’ ऐकू येतं. झाडांची नावं मात्र वेगळी: गालिसियनमध्ये कास्तिन्येइरो, कॅटलानमध्ये कस्तन्ये (शेवटचा ‘आर’ लिहितात, बोलत नाहीत). उत्तर स्पेनमधली बास्क ही लॅटिनच्या कुळातली भाषाच नव्हे, तरी शब्द तिथूनच उसना घेतलाय: गास्ताइन्या. त्यात ‘झेड’ लिहितात, पण उच्चार ‘स’. इंग्रजीच्या सवयीने इथे हमखास चूक होते.

खरी गल्लत पोर्तुगीजमध्ये होते. पोर्तुगालमध्ये ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, भाजून खातात ती कश्तान्या चेस्टनटच. पण ब्राझीलमध्ये नुसतं ‘कास्तान्या’ म्हटलं तर काजूही समजतील, ब्राझील नटही. काजूगराला तिथे ‘कास्तान्या दे काजू’ म्हणतात. आपला ‘काजू’ हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आला. चेस्टनटच हवं असेल तर तिथे ‘कास्तान्या पोर्तुगेझा’ मागा.

स्पॅनिश डब्यावर ‘कास्तान्या दे आग्वा’ लिहिलेलं असेल, तर तो शिंगाडा किंवा चिनी पाणकंद.

‘कास्तान्या दे इंदियास’ मात्र खायची नाही. ते हॉर्स चेस्टनट आहे आणि विषारी आहे. ओळख सोपी आहे: खाण्याच्या चेस्टनटचं कवच सुईसारख्या काट्यांनी गच्च भरलेलं असतं आणि आतल्या बीला टोकाशी छोटा तुरा असतो. हॉर्स चेस्टनटच्या कवचावर मोजकेच जाड काटे असतात, बी गोल गुळगुळीत असते आणि तिला टोक नसतं.