लँकेस्टरवर मिनार्स्कीचे नाव का, आणि त्या रात्रीची हकीकत कळली कशी

कॅनडातील हॅमिल्टनच्या संग्रहालयातील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले लँकेस्टर बाँबफेकी विमान पाहून आल्यावर आपण दोन प्रश्न विचारले आहेत: विमानाला वैमानिकाचे नाव न देता अँड्र्यू मिनार्स्की या गनरचे (विमानातील मशीनगन चालवणाऱ्याचे) का दिले, आणि मध्यरात्री, जळत्या विमानात त्याने जे केले ते जगाला कळले कसे. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

मिनार्स्की विनिपेगचा, पोलंडहून कॅनडात आलेल्या कुटुंबातला. वडील लवकर गेले आणि घर चालवायला हातभार म्हणून तो कातडी कापण्याचे काम करू लागला. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाला. १९४४ च्या जूनमध्ये तो २७ वर्षांचा होता आणि इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातल्या मिडलटन सेंट जॉर्ज तळावर, ४१९ स्क्वाड्रनच्या (विमान-तुकडीच्या) एका लँकेस्टरवर, मधल्या वरच्या टरेटचा (बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटाचा) गनर होता. शेपटाच्या टरेटमध्ये पॅट ब्रॉफी बसे. दोघे जिवलग मित्र होते, पण ब्रॉफी हुद्द्याने वरचा, म्हणून रात्री निरोप घेताना मिनार्स्की त्याला गमतीने सलाम करून ‘गुड नाइट, सर’ म्हणत असे.

नॉर्मंडीत दोस्त फौजा उतरून जेमतेम आठवडा होत होता. जर्मन कुमक आघाडीवर पोहोचू नये म्हणून १२ जूनच्या रात्री या विमानाला फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वे यार्डावर पाठवण्यात आले. मध्यरात्रीनंतर जर्मन रात्र-लढाऊ विमानाने त्याला गाठले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, पंख पेटला, आणि दोन्ही टरेटच्या मधल्या भागातही आग लागली. वैमानिकाने उड्या मारण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की दाराकडे निघाला, तेवढ्यात त्याला दिसले की ब्रॉफी अजून आतच आहे: इंजिनांबरोबर टरेट फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा गेली होती आणि हाताने फिरवण्याची मूठही तुटली होती. तो ज्वाळांतून रांगत शेपटापर्यंत गेला आणि कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी टरेट हलवू लागला. त्याचे कपडे कंबरेपर्यंत आणि पॅराशूटही पेटले. ब्रॉफीने हातवारे करून त्याला परत जायला सांगितले. मिनार्स्की मित्राकडे तोंड ठेवूनच मागे सरकत दारापाशी पोहोचला, ताठ उभा राहिला, सलाम केला आणि मगच त्याने उडी घेतली. खालच्या फ्रेंच लोकांना तो जळतच उतरताना दिसला. ते त्याच्यापर्यंत पोहोचले तरी भाजल्याच्या जखमांनी तो वाचला नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. ब्रॉफीला घेऊन विमान जमिनीवर कोसळले आणि त्या आघाताने तो बाहेर फेकला जाऊन जिवंत राहिला. बाकीचे पाच जणही वाचले. मिनार्स्कीचा सलाम पाहणारा मात्र ब्रॉफी एकटाच होता, आणि मित्र गेल्याचे त्यालाही काही महिन्यांनी, इंग्लंडला परतल्यावर कळले. त्याच्या साक्षीवरून ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला. आपण पाहिलेले विमान १९४५ मध्ये ओंटारियोतल्या मॉल्टन येथे बांधलेले, म्हणजे त्याचे मूळ विमान नव्हे. त्यावर रंगवलेली व्हीआर-ए ही ओळख-अक्षरे मात्र त्याच्याच विमानाची आहेत.

मिनार्स्कीबद्दल वाचताना मला नेहमी त्याच्यासारख्या इतरांची आठवण येते. ब्रिटनच्या बाँबर कमांड या बाँबफेकी दलाच्या सुमारे १,२५,००० उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. बहुतेकदा अख्खा चमू एकत्र गेला, त्यामुळे कोणी कोणासाठी काय केले हे सांगायला कोणी उरलेच नाही. मिनार्स्कीची कबर आमियाँजवळच्या मेआरिकूर गावात आहे. पुण्यातील खडकीचे युद्ध-दफनस्थळ ज्या राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाकडे आहे, तोच आयोग तिचीही देखभाल करतो. ज्या हवाई सैनिकांना कबरही लाभली नाही, अशा २०,००० हून अधिक जणांची नावे इंग्लंडमध्ये रनिमीड येथे कोरलेली आहेत.

पुन्हा हॅमिल्टनला गेलात तर विमानाच्या उजव्या बाजूला मागे असलेल्या दारापाशी उभे राहून शेपटाच्या टरेटकडे पाहा. अंतर काही पावलांचेच आहे. मिनार्स्की तिथून उडी न घेता मागे वळला होता.