कोकमाने वजन उतरतं का हो?

प्रश्न : ताई, आमच्या सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, वजनही वाढलंय. मुंबईच्या नणंदेने एक रील पाठवलं, सकाळी उपाशीपोटी कोकम घेतलं की चरबी वितळते म्हणे. तेव्हापासून रोज गरम पाण्यात अर्धी वाटी आगळ घालून पितात, वर भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या गार्सिनियाच्या कॅप्सूल. मी काही बोलले की म्हणतात, "टीव्हीर डाक्टर सांगता, तो खोटा कशाक सांगतलो?" आणि कोकम तर आपलंच, मग मी काय बोलू?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अगं, आधी ते आगळ थांबव. चरबीचं नंतर बघू. तुमच्याकडे घरी करत असतील तर तुला माहीतच आहे, पिकलेली कोकमं फोडून मीठ दाबून घालतात तेव्हा कुठे रस सुटतो आणि वर्षभर टिकतो. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बीपीचा पेशंट सकाळी सकाळी अर्धी वाटी खारं आगळ पितोय! रीलवाल्याला आगळ काय असतं हेच ठाऊक नसणार. त्याच्या दृष्टीने कोकम म्हणजे कोकम, आपल्याकडे आगळ वेगळं, अमसुलं वेगळी आणि अमृत कोकम म्हणजे तर निम्मी साखरच.

आता हे खूळ आलं कुठून ते सांगते. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड असतं. केरळात माशाच्या कालवणात कुडमपुळी घालतात ना, ती कोकमाची चुलत बहीण, दोघीही गार्सिनियाच्याच जातीतल्या, तिच्यातही असतं आणि कॅप्सूल बहुतेक तिच्याच अर्काच्या. उंदरांवरच्या प्रयोगांत या अ‍ॅसिडने भूक कमी झालेली दिसली होती, पण माणसांचं काय? १९९८ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये एक ट्रायल छापून आली, १३५ जाड माणसं, १२ आठवडे, काहींना रोज १५०० मिलिग्रॅम हे अ‍ॅसिड, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी, आणि डाएट सगळ्यांना सारखंच. वजन दोन्हीकडे उतरलं आणि फरक म्हणावा असा काही निघाला नाही, म्हणजे काम केलं ते डाएटने.

एवढं होऊनही २०१२ च्या सुमारास तिकडच्या टीव्हीवर डॉ. ऑझ यांनी गार्सिनियाचं भरभरून कौतुक केलं आणि खप वाढला. हे साधे नाहीत बरं का, खरोखरचे हार्ट सर्जन. २०१४ मध्ये सिनेटच्या समितीने त्यांना समोर बसवून असल्या गोळ्यांच्या प्रचारावरून चांगलंच झापलं. पण ते झापणं कुणी फॉरवर्ड करतं का? शोचे तुकडे मात्र अजून फिरतायत, आता मराठी आवाज लावून. आपल्या पुरवण्याही काही कमी नाहीत, एप्रिल उजाडला की 'कोकमाचे दहा फायदे' ठरलेलं, त्यात मिठाचा एक शब्द नसतो.

कॅप्सूलचं जास्त गंभीर आहे. गार्सिनिया असलेल्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. भूक मेली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर एक दिवसही थांबू नका. तसंही आता बंदच करा आणि बाटली बीपीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंशी टीव्हीवरून वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. घरातला बीपी मोजायचा डबा असेल तर आगळ बंद करून आठवडाभर रोज एकाच वेळेला मोज आणि आकडा त्यांच्याच हाताने कॅलेंडरवर लिहायला लाव. कोकम हवंच असेल तर बिनमिठाची अमसुलं रात्री भिजत घाल. सोलकढी बिनधास्त करा, फक्त आगळ घातल्यावर वरून मीठ नको. आणि नणंदेला विचार, त्या रीलच्या खाली खरेदीची लिंक आहे का?