वाचकांचे प्रश्न : टोकियोच्या किता वॉर्डातील एकदिवसीय भटकंती

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत आकाबाने स्थानकाजवळ राहतो. एप्रिलच्या अखेरीपासून संपूर्ण मे महिना आम्ही दोघे त्याच्याकडे असू. आसाकुसा, उएनो, शिबुया ही ठिकाणे मागच्या खेपेस पाहून झाली. या वेळी लांबचा प्रवास टाळून घराच्या आसपासच दिवसभराच्या सहली आखाव्यात, असे मनात आहे. परंतु या भागाविषयी प्रवासपुस्तकांत फारसे काही सापडत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपण उतरणार आहात तो भाग टोकियोच्या २३ विशेष वॉर्डांपैकी किता वॉर्डात मोडतो. परदेशी पाहुणे येथे क्वचितच थांबतात. प्रेक्षणीय स्थळांची यादी करून एकेकावर खूण करण्याची पद्धत येथे उपयोगी पडत नाही, कारण एकट्या स्थळासाठी मुद्दाम यावे अशी ठिकाणे थोडी आहेत. येथील स्थळे एकमेकांना जोडून पाहिली, तरच त्यांची गोडी कळते.

त्यासाठी आधी या भागाचा चढउतार समजून घ्यावा. पश्चिमेकडून आलेले मुसाशिनोचे पठार किता वॉर्डात एकदम संपते आणि त्याच्या कड्याखाली सुमिदा नदीचा सखल प्रदेश सुरू होतो. आकाबानेपासून ओजी, कामी-नाकाझातो आणि ताबातापर्यंत जेआरची (जपान रेल्वेची) केइहिन-तोहोकू लाइन जवळजवळ या कड्याच्या पायथ्यानेच धावते. त्यामुळे या स्थानकांच्या पश्चिमेला चढ आणि पूर्वेला सपाट वस्ती, हे एवढे ध्यानात ठेवले की नकाशा हाती नसतानाही दिशा चुकत नाही. जुनी उद्याने, श्रीमंतांचे बंगले आणि देवळे कड्यावर किंवा त्याच्या उतारावर आहेत. कारखाने, कालवे आणि नदी खाली आहे. माझ्या मते एका दिवशी कड्याचा एकच तुकडा निवडावा आणि तेवढाच मनापासून पाहावा.

पहिला दिवस ओजीला द्यावा. आकाबानेहून पुढचे स्थानक हिगाशी-जुजो आणि त्यापुढचे ओजी. स्थानकाला लागूनच असुकायामा ही टेकडी आहे. तिची उंची अवघी २५.४ मीटर आहे. मात्र अठराव्या शतकात शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा योशिमुने यांनी येथे चेरीची झाडे लावून ती सर्वसामान्यांना खुली केली आणि १८७३ मध्ये जपानमधील पहिल्या सार्वजनिक उद्यानांत तिची गणना झाली. आपण जाल तेव्हा चेरीचा बहर ओसरलेला असेल. त्याची खंत करू नये. बहराच्या दिवसांत येथे सतरंजी पसरायलाही जागा मिळत नाही, आणि एप्रिलच्या अखेरीस अझेलियाची झुडपे फुललेली असतात.

या टेकडीवर राहिलेले शिबुसावा एइइची (१८४०–१९३१) यांचा चेहरा आपण रोज खिशात बाळगणार आहात. जुलै २०२४ मध्ये आलेल्या १०,००० येनच्या नव्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. शेकडो उद्योगांच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांतील कागद कंपनीची गिरणी १८७५ मध्ये याच टेकडीच्या पायथ्याशी सुरू झाली. नोटांचा कागद बनवणारा सरकारी कारखानाही शेजारीच उभा राहिला. टेकडीवर शिबुसावा स्मारक संग्रहालय, कागद संग्रहालय आणि वॉर्डाचे स्थानिक इतिहासाचे संग्रहालय अशी तीन संग्रहालये एका रांगेत आहेत. तिन्ही एका दिवसात पाहू नयेत. पहिली दोन पाहावीत आणि नंतर खाली उतरून ओजी स्थानकाजवळचे राष्ट्रीय मुद्रण विभागाचे नोटा व टपाल तिकिटांचे विनामूल्य संग्रहालय पाहावे, म्हणजे कागद, नोट आणि नोटेवरचा माणूस असा एकच धागा दिवसभर हाती राहतो.

शिबुसावांच्या घराचा बहुतेक भाग १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. १९१७ चे बान्कोरो हे लहानसे लाकडी अतिथिगृह आणि १९२५ चे सेइएन बुन्को हे ग्रंथालय तेवढे वाचले. आतील भाग ठरावीक वेळीच पाहता येतो. बाहेरची बाग विनामूल्य आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट यांना १८७९ मध्ये याच ठिकाणी मेजवानी देण्यात आली होती आणि रवींद्रनाथ टागोरही येथे पाहुणे म्हणून येऊन गेले. मराठी वाचकाला आणखी एक दुवा जवळचा वाटेल. जमशेदजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले असता शिबुसावांना भेटले. भारतीय कापूस जपानला नेण्यावर तेव्हा परदेशी जहाज कंपन्यांची मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी दोघांनी निप्पोन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीला पुढे केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबे ते मुंबई अशी जपानी जहाजसेवा सुरू झाली.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात आणि सोबत आगगाड्यांचे वेड असलेला चार वर्षांचा नातू असेल. आपण म्हणता तो कडा आम्हाला झेपेल का?

उत्तर : झेपेल, आणि ओजीत तर नातवाची चंगळच होईल. स्थानकाच्या मध्यवर्ती दाराबाहेर लगेच असुकायामावर नेणारा मोनोरेलचा डबा उभा असतो. गोगलगायीसारखा दिसणारा १६ जणांचा हा डबा उताराच्या कडेने दोनेक मिनिटांत माथ्यावर नेतो आणि त्याला तिकीट नाही. तो सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेतच चालतो, म्हणून वरून उतरताना उशीर करू नये. माथ्यावर मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ डी-५१ जातीचे वाफेचे इंजिन आणि एक जुनी ट्राम कायमची उभी आहे. दोन्हींत मुलांना चढता येते. टेकडीच्या पूर्व कडेवरून खालचे रूळ दिसतात आणि तोहोकू व जोएत्सू दिशांच्या शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) गाड्या थोड्या थोड्या वेळाने जाताना पाहता येतात. नातवाला तेथून हलवणे हेच आपले त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम ठरेल, तेव्हा त्या दिवसाचे वेळापत्रक मोकळे सोडावे.

खाली उतरल्यावर ट्रामने फिरावे. टोकियो महानगर शासनाचे ट्रामचे जाळे एकेकाळी शहरभर पसरले होते. मोटारींची वर्दळ वाढल्यावर १९६७ ते १९७२ या काळात ते जवळजवळ सर्व उखडण्यात आले. मिनोवाबाशी ते वासेदा हा १२.२ किलोमीटरचा आराकावा मार्ग तेवढा टिकला, कारण तो बहुतांशी रस्त्यापासून वेगळ्या, स्वतःच्या रुळांवर चालतो. मौज अशी की त्याचा अपवाद असलेला तुकडा नेमका ओजी-एकिमाए आणि असुकायामा या दोन थांब्यांच्या मध्ये आहे. एक डब्याची ट्राम स्थानकाच्या पुलाखालून बाहेर पडते, मोटारी व बसगाड्यांच्या ओळीत सामील होते, सिग्नलला त्यांच्यासोबत थांबते आणि मग चाके करकरवत वळण घेऊन कड्याचा चढ चढते. चालकाच्या मागे उभे राहिल्यास हे सगळे समोरच्या काचेतून दिसते.

ट्राममध्ये पुढच्या दाराने चढून लगेच पैसे द्यावे लागतात आणि मागच्या दाराने उतरावे लागते. भाडे अंतरावर अवलंबून नाही. रोख १७० येन आणि कार्डाने १६८ येन पडतात. दिवसभराचा पास ४०० येनचा आहे, म्हणजे तिसऱ्या फेरीला तो वसूल होतो. गुडघ्यांसाठी सर्वांत सोयीचा बेत असा : ट्रामने कोशिन्झुका थांब्यापर्यंत जावे. हा थांबा शेजारच्या तोशिमा वॉर्डात असला तरी तेथून सुगामोची जिझो-दोरी ही बाजारपेठ सुरू होते. ज्येष्ठ नागरिकांचा बाजार म्हणूनच ती टोकियोत ओळखली जाते. रस्ता सपाट आहे, दुकानदार घाई करत नाहीत आणि अधूनमधून बसायला जागा मिळते.

प्रश्न : मे महिन्यात गुलाब पाहण्यासाठी फुरुकावा उद्यानात जावे असे सुचवण्यात आले. केवळ गुलाबांसाठी एक दिवस खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर : केवळ गुलाबांसाठी जाऊ नये, मात्र जरूर जावे. ज्या कड्याविषयी वर लिहिले आहे, तो इतका नेमका वापरलेली दुसरी जागा मला माहीत नाही. माथ्यावर जोसाया काँडर या इंग्रज वास्तुकाराने बांधलेला, १९१७ मध्ये पूर्ण झालेला काळपट तांबूस दगडाचा बंगला आहे. त्याच्या पायऱ्यांखाली उतारावर टप्प्याटप्प्यांनी गुलाबांची पाश्चात्त्य बाग लावली आहे. त्याखाली, झाडांच्या दाटीमागे, क्योतोचे उद्यानकार ओगावा जिहेई यांनी रचलेली जपानी बाग आणि तळे आहे. बंगल्याच्या गच्चीजवळून पाहताना खालचे तळे दिसत नाही आणि तळ्याकाठी उभे राहिल्यावर गुलाब दिसत नाहीत. दोन भिन्न परंपरांच्या बागा एकाच उतारावर असूनही एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्या दोघा रचनाकारांचे कौशल्य आहे. गुलाब मेच्या मध्याला ऐन बहरात असतात. तेव्हा शनिवार-रविवार वर्ज्य करावेत आणि सकाळी ९ वाजता दार उघडतानाच पोहोचावे. उद्यानाचे प्रवेशशुल्क १५० येन आहे. बंगला आतून पाहण्याचे शुल्क वेगळे आहे.

ओजीहून पायी येणे उत्तम. असुकायामाच्या दक्षिण टोकापासून होंगो-दोरी हा रस्ता कड्याच्या माथ्यावरून जवळजवळ सपाट जातो आणि रमतगमत चालल्यास वीस मिनिटांत उद्यान येते. वाटेत निशिगाहाराची इचिरिझुका लागते. शोगुनकाळात अंतर कळावे म्हणून हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रि (सुमारे चार किलोमीटर) अंतरावर मातीचे उंचवटे घालून त्यांवर झाड लावत. रस्ता रुंद करताना हा उंचवटा काढला जाणार होता. शिबुसावा आणि स्थानिक रहिवाशांनी तो वाचवला आणि १९२२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज तो रहदारीच्या दोन प्रवाहांच्या मधोमध झाडासह उभा आहे. परतीला कामी-नाकाझातो स्थानक जवळ पडते आणि तिकडचा रस्ता उताराचा आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते. दुपारच्या जेवणाचे काय करावे?

उत्तर : सर्वांत सुरक्षित म्हणजे घरून डबा न्यावा. असुकायामावर बाके भरपूर आहेत. अडचण मांसाची नसून दाशीची आहे. सुक्या माशाचा हा अर्क सोबा नूडल्सच्या रश्शात, भाज्यांच्या शिजवणीत आणि अंड्याच्या पदार्थांतही असतो, आणि पुष्कळ दुकानदार तो मांसाहारात धरत नाहीत. ओजीत १६४८ पासून चालत आलेले ओगिया हे नाव गोडसर तामागोयाकीसाठी, म्हणजे अंड्याच्या जाड घडीसाठी, प्रसिद्ध आहे. तीही दाशीचीच असते. काटेकोर पाळणाऱ्यांनी मोह टाळावा. कोन्बिनीत (दिवसरात्र उघड्या छोट्या दुकानांत) उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, ओनिगिरी हा भाताचा गोळा मिळतो, पण त्याचेही लेबल मोबाइलच्या भाषांतर-कॅमेऱ्याने वाचून घ्यावे. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतात, म्हणून रिकामी पिशवी सोबत ठेवावी.

प्रश्न : नदीकाठी जाण्यासारखे काही आहे का? आणि सोमवारी कोठे जावे?

उत्तर : दोन्हींचे उत्तर बरेचसे एकच आहे. सोमवारी येथील बहुतेक संग्रहालये बंद असतात. सोमवारी सुट्टी आली तर ती उघडी राहून दुसऱ्या दिवशी बंद होतात. २९ एप्रिल ते ५ मे या सुट्ट्यांच्या आठवड्यात हे मुद्दाम तपासावे. नदी मात्र रोज उघडी असते.

आकाबाने स्थानकातून उत्तरेकडे वीसेक मिनिटे चालल्यावर बांध लागतो आणि तो चढताच इवाबुचीचे लाल रंगाचे जुने जलद्वार समोर येते. ऑगस्ट १९१० च्या महापुराने टोकियोचा सखल भाग बुडवला. त्यानंतर सुमारे २२ किलोमीटर लांब आणि जवळपास ५०० मीटर रुंद असा पूरवाहक प्रवाह खोदण्यात आला. आज आराकावा नदी म्हणून जो विशाल पट्टा दिसतो, तो मूळचा माणसाने खोदलेला आहे, हे काठावर उभे राहिल्यावर खरे वाटत नाही. काम १९३० मध्ये पूर्ण झाले. पाच दारांचे हे जलद्वार १९२४ मध्ये तयार झाले आणि ते उभारणारे अभियंते आओयामा आकिरा त्याआधी पनामा कालव्याच्या कामावर होते. शहराकडे जाणारी शाखा हीच सुमिदा नदी. आसाकुसाला आपण पाहिलेले पाणी येथून निघते. १९८२ मध्ये थोड्या खालच्या बाजूला निळे नवे जलद्वार झाले आणि जुने निवृत्त झाले. आता त्याच्यावरून चालत पलीकडच्या छोट्या बेटावर जाता येते. जवळच आराकावा नदीविषयीचे आमोआ हे विनामूल्य संग्रहालय आहे, पण तेही सोमवारी बंद असते, म्हणून नदीचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर दुसरा वार निवडावा.

बांधावर सावली नाही. मे महिन्यातही दुपारचे ऊन लागते, तेव्हा टोपी घेऊन सकाळी किंवा चारनंतर जावे. परतताना आकाबानेच्या पश्चिमेला, म्हणजे पुन्हा कड्यावर, आकाबानेदाइची १९६२ मधील मोठी गृहवसाहत होती. तिच्यातील तारकाकृती इमारती जतन केल्या असून युद्धोत्तर घरांच्या खोल्या जशाच्या तशा उभारलेले विनामूल्य संग्रहालय २०२३ मध्ये तेथे सुरू झाले आहे. त्यासाठी पूर्वनोंदणी लागते. मुलाला आपण पोहोचण्यापूर्वीच ती करून ठेवण्यास सांगावे.