रानडुक्कर मारण्यासाठी बंदुकीवर लाल ठिपक्याची साइट लावली तर कायद्यात बसेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेत आहे, रानडुकरं रात्रीतून भुईमूग उकरून टाकतात, वडिलांच्या नावावर परवान्याची बाराबोर बंदूक आहे. तिच्यावर आत लाल ठिपका पेटणारी साइट, म्हणजे नेम धरायची काच, बसवून एखादं डुक्कर टिपलं तर चालेल का? अमेरिकेतल्या व्हिडिओंत तर सर्रास चालतं.

नाही चालणार. आणि अडचण साइटची नाहीच. साइट काढून नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरलात, तरी उत्तर हेच.

मी निफाडकडचा. द्राक्षं आहेत, थोडा ऊस आहे, आणि रेंजवर छऱ्याच्या रायफलीने (एअर रायफलीने) कागदावर नेमबाजी करतो. त्यामुळे साइट आणि जनावरांचा त्रास, दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तुमचं नुकसान खोटं नाही हेही कळतं. हाताशी आलेलं पीक सकाळी नांगरल्यासारखं पडलेलं बघणं फार वाईट असतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, वन्यप्राण्याची शिकार बंद आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. फासा लावणं, आमिष टाकणं, हाकून काढणं, जखमी करणं, इतकंच काय तसा प्रयत्न करणंही शिकारच. नेम चुकला म्हणून सुटका नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्ह्यात वापरलेली म्हणून जप्त झालेली बंदूक आणि गाडी सरकारची होते. समोर अनुसूची १ मधला बिबट्या निघाला, किंवा जागा अभयारण्यातली असली, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्याही इतकी रुंद आहे की छऱ्याची बंदूक आणि गलोलसुद्धा तिच्यात येते. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर छऱ्याने पाखरं पाडू बघणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता साइटचं. १९७२ साली हा कायदा आला तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची, आणि त्या वेळी कलम १७ मध्ये कशी करायची नाही याची मोठी यादी होती. गाडीवरून नाही, पाणवठ्यावर दबा धरून नाही, सूर्यास्तानंतर नाही, कृत्रिम प्रकाश वापरून नाही. काहींना थोडे अपवाद होते. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच संपली आणि हे कलमही गेलं. म्हणून आजच्या वन्यजीव कायद्यात ‘अमुक साइट चालेल, तमुक नाही’ असं काही सापडत नाही. ते सापडत नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ कोणी तुम्हाला सांगत असेल तर ऐकू नका.

तुम्ही व्हिडिओत बघता त्या देशांत शिकारच कायदेशीर आहे, म्हणून तिथे साइटच्या प्रकारावर वाद होतो. अमेरिकेत हे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. साधारण भेद असा की उजेड साइटच्या आतच राहतो का बाहेर जनावरावर पडतो. आत पेटणारा ठिपका ही एक गोष्ट, आणि जनावरावर टॉर्च मारणं ही दुसरी. युरोपात वन्यजीव जपण्यासाठी झालेल्या १९७९ च्या बर्न कराराच्या परिशिष्टात, ठरावीक प्राण्यांसाठी, निषिद्ध साधनांमध्ये कृत्रिम प्रकाश, निशाणा उजळणारी साधनं आणि रात्री प्रतिमा मोठी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साइट यांची नावं आहेत. यातलं काहीही त्र्यंबकच्या शेतात लागू होत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र कायद्याच्या पुढचा आहे. दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी मामेभावाने अशी एक साइट आणली होती. बंदूक नव्हती, नुसती साइट हातात घेऊन आम्ही रात्री गच्चीवर उभे होतो. या साइटमध्ये छोटा दिवा पुढच्या काचेवर ठिपका पाडतो, तो काचेवरून परतून तुमच्या डोळ्यात येतो. समोरच्या वस्तूवर त्याचा कणभरही उजेड पडत नाही. ठिपका पूर्ण वाढवला की काच लालसर होऊन पलीकडचा अंधार आणखी दाट होतो, कमी केला तर ठिपका नीट दिसतो आणि जनावर तितकंच अंधारात राहतं. त्या रात्री कांद्याच्या कडेला बांधावर एक काळा उंचवटा हलला. खाली गेला, वर आला, दोन पावलं सरकला, परत खाली. भाऊ कुजबुजला, “डुक्कर.” ठिपका बरोबर त्याच्या पाठीवर होता. मग तिथे काडी पेटली. शेजारचे अण्णा होते. रात्रपाळीची वीज, म्हणून घोंगडी पांघरून पिकाला पाणी द्यायला दारं धरत होते, फावड्याने वाफ्याचं तोंड मोडायला वाकले की घोंगडीची पाठ तेवढी दिसायची. घरापासून साठ-सत्तर पावलं असतील. आम्ही दोघं नंतर किती तरी वेळ बोललो नाही. नेम सोपा झाला होता, पण समोर कोण आहे ते त्या काचेने सांगितलं नव्हतं. तुमच्याकडेही रात्री मोटर चालू करायला माणसं शेतात असणारच.

आणखी एक गोष्ट. बंदूक वडिलांच्या परवान्यावर आहे. तुमच्या नावाचा परवाना नसताना ती एकट्याने घेऊन शेतात बसलात तर शस्त्र कायदा १९५९ चा वेगळा गुन्हा होतो. जनावर आलं काय न आलं काय.

रस्ता आहे, तो कलम ११ मध्ये. रानडुकरासारखा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेश काढू शकतो, तोही ठरावीक जनावरांपुरता आणि ठरावीक जागेपुरता. मारलेलं जनावर सरकारचं असतं, वाटून खायचं नसतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज. सातबारा जोडा, उकरलेल्या जागेचे फोटो आणि खुरांचे ठसे तारखेसह काढून ठेवा, पंचनामा करून घ्या आणि त्याच वेळी नुकसानभरपाईचाही अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत त्या पट्ट्यात नांगर घालू नका, पुरावा तोच असतो. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. परवानगी मिळाली तर कोण, कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या बंदुकीने, टॉर्च किंवा साइट चालेल का, हे सगळं त्या कागदावर लिहून मागा. तोंडी ‘करा हो’ वर बंदूक उचलू नका. आणि परवानगी आल्यावरही त्या रात्री शेजारच्या कोणाची पाण्याची पाळी आहे हे आधी घरोघर जाऊन विचारा.

साइट घेतलीच असेल तर रेंजवर वापरा, कागदावर तिची मजा वेगळीच आहे. भुईमुगाची काढणी किती दिवसांवर आली आहे आणि शेताच्या कुठल्या बाजूने जंगल लागतं ते कळवा. आमच्याकडे मक्याला तारेचं कुंपण कसं घातलं, किती खर्च आला, ते सविस्तर लिहितो.